मासे पाळायचे, तर थवा पाळा!

वाढदिवसाला मासे भेट मिळालेला एखादा तरी मित्र तुमच्या वर्गात असेलच. काचेचा एक गोल बाउल, तळाशी मूठभर रंगीत खडे, प्लॅस्टिकचे एक झुडूप आणि पाण्यात दोन मासे. पहिले चार दिवस घरात मोठे कौतुक चालते. शेजारची मुले बघायला येतात, माशांची नावे ठेवली जातात, दिवसातून पाच वेळा खाणे टाकले जाते. आठवड्याने पाणी गढूळ होते. मग एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुसराही फार दिवस टिकत नाही. "मासे काही आपल्याकडे जगत नाहीत," असे आई म्हणते आणि रिकामा बाउल माळ्यावर जातो.

या लेखात मला थोडे भांडायचे आहे. तुमच्याशी नव्हे, त्या बाउलशी, आणि "एक जोडी द्या हो" असे म्हणून मासे विकत आणण्याच्या आपल्या सवयीशी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : जे मासे निसर्गात थव्याने राहतात, ते घरी आणायचे असतील तर थव्यानेच आणावेत. थव्याला पुरेल एवढी जागा आणि चांगले पाणी देता येत नसेल, तर ते आणूच नयेत. हे मी केवळ दयेपोटी म्हणत नाही. या म्हणण्याला शास्त्रीय आधार आहे. तो आधी पाहू. मग पटते की नाही ते तुम्हीच ठरवा.

आरशातला सोबती

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीत असाच एक बाउल होता आणि त्यात दोन झेब्रा मासे होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे कोण बघणार, हा विचार मी केला नव्हता. सुट्टी संपवून आलो तेव्हा एकच मासा उरला होता.

आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत त्या बाउलपाशी उभी असायची. एक दिवस तिने विचारले, "सर, हा दिवसभर झुडपामागेच का बसतो?"

"आजारी असेल," मी म्हणालो आणि वह्या तपासत राहिलो.

चार दिवसांनी ती घरून एक लहानसा आरसा घेऊन आली. तो तिने बाउलला बाहेरून टेकवून ठेवला. थोड्या वेळाने मासा झुडपामागून बाहेर आला आणि आरशाच्या बाजूने पुढेमागे पोहू लागला. आरसा काढला की तो परत झुडपामागे जाई. तिने हे तीन दिवस केले आणि मासा केव्हा बाहेर आला, किती वेळ राहिला, हे वहीत लिहून ठेवले. मग ती वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, याला सोबत हवी असेल का?"

"माशाला कसली आलीय सोबत!" असे म्हणून मी हसलो.

मित्रांनो, शिक्षक म्हणून मी जी चुकीची उत्तरे दिली असतील, त्यांत हे उत्तर मला आजही टोचते. त्या मुलीने निरीक्षण केले होते, प्रयोग केला होता, नोंद ठेवली होती. मी विज्ञानाचा शिक्षक असून न बघताच निकाल दिला होता. आता, एका आरशावरून निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. आरशातल्या प्रतिमेला शत्रू समजून तिच्यावर धावून जाणारे मासेही असतात. पण तिचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम शास्त्रज्ञांनी कितीतरी आधीच सुरू केले होते. मलाच ते ठाऊक नव्हते.

थवा कशासाठी?

माशांचा थवा पाहिला की आपल्याला शाळेतली कवायत आठवते. पण येथे शिट्टी वाजवणारे सर कोणी नसतात. थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक मासा आपल्या जवळच्या चार-दोन माशांकडे लक्ष ठेवतो. फार जवळ आले तर थोडा दूर सरकतो, फार दूर गेले तर जवळ येतो, आणि ते वळले की वळतो. एवढ्या साध्या नियमांतून संपूर्ण थवा एका अंगाने वळल्यासारखा दिसतो.

यासाठी माशाला डोळे तर लागतातच, पण त्याच्याकडे आणखी एक इंद्रिय आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्याच्या हालचाली टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदक पेशी तिच्यात असतात. १९७६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी कॉड माशाच्या कुळातील सेथ नावाच्या समुद्री माशांच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणे बसवून त्यांना थव्यात सोडले. डोळे झाकलेले हे मासे थव्याबरोबर पोहत राहिले! शेजारच्या माशाने शेपूट हलवले की पाण्यात उठणारी लाट त्यांना आपल्या अंगाने कळत होती. सोबत्याची जाणीव माशाच्या शरीरातच किती खोल बसवलेली आहे, हे यावरून ध्यानात येईल.

थव्याचा उपयोग काय? पहिला उपयोग जीव वाचवण्याचा. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली एक साधा पण मार्मिक विचार मांडला. शत्रू कोठून येईल ते ठाऊक नसेल, तर प्रत्येक प्राणी आपल्या आणि शत्रूच्या मध्ये दुसरे कोणीतरी यावे अशा बेताने सरकतो. सर्वांनीच असे केले की कळप आपोआप तयार होतो. दुसरा फायदा गोंधळाचा. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नील आणि कलन यांनी माकुळ, पाइक इत्यादी शिकारी प्राण्यांपुढे कधी एकटा मासा, कधी सहा, तर कधी वीस माशांचा थवा सोडून पाहिला. थवा मोठा असला की शिकाऱ्यांचे हल्ले अधिक वेळा फसत. एकसारखे दिसणारे वीस मासे इकडेतिकडे पळू लागले, की नेमका कोणता पकडावा हेच शिकाऱ्याला सुचत नाही.

तिसरा फायदा पोटाचा. मोठ्या थव्यातल्या माशांना अन्न लवकर सापडते, हे गोल्डफिश आणि मिनो या माशांवरील प्रयोगांतून १९८२ साली दिसून आले. अधिक डोळे म्हणजे अधिक शोध. शिवाय पहारा वाटला गेल्यामुळे प्रत्येकाला निर्धास्तपणे खाता येते.

आणि धोक्याचा इशारा? मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश तुम्हाला ठाऊक असतील. त्यांनी १९३८ साली पाहिले, की एका मिनो माशाच्या कातडीला जखम झाली, की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याच्या वासाने इतर मासे घाबरून एकत्र येतात किंवा लपतात. आपल्या दुकानांत मिळणारे झेब्रा, बार्ब आणि टेट्रा हे मासे याच मोठ्या गटातले.

आता कल्पना करा. ज्या माशाचे डोळे, कातडी, नाक आणि पार्श्वरेखा सोबत्यांच्या खुणा वाचण्यासाठी तयार झाली आहेत, त्याला आपण एकट्याने बाउलमध्ये ठेवतो. पहाऱ्याला कोणी नाही, मागे लपायला कोणी नाही. तो झुडपामागे बसेल नाही तर काय करेल?

२०१० साली ब्रिटनमधील संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. घरी पाळल्या जाणाऱ्या नीऑन टेट्रा, टायगर बार्ब यांसारख्या माशांना त्यांनी एक, दोन, पाच आणि दहा अशा संख्येने ठेवून त्यांच्या वागण्याची तुलना केली. संख्या वाढली तसे मासे अधिक वेळ एकत्र पोहू लागले. उलट लहान गटांत काही जातींमध्ये बिचकून धावणे किंवा आपसांतली भांडणे अधिक दिसली. म्हणजे 'एक जोडी' हा हिशेब माशांचा नव्हे, तो आपला आहे.

तीन जोड्या म्हणजे थवा नव्हे

"मग दोन नीऑन, दोन झेब्रा आणि दोन बार्ब आणले तर? सहा झाले की!" असे कोणी म्हणेल. दुकानात पुष्कळदा असेच पिशवीत बांधून देतात. पण थवा होण्यासाठी मासे एकमेकांना आपले वाटले पाहिजेत.

याविषयी झेब्रा माशावर फार सुंदर प्रयोग झाला आहे. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी पट्टे असलेल्या झेब्रा माशाची पिल्ले पट्टे नसलेल्या वाणाच्या पिल्लांबरोबर वाढवली. मोठेपणी या माशांनी सोबतीसाठी पट्टे नसलेले मासे पसंत केले. आपले कोण हे त्यांनी लहानपणी आजूबाजूला पाहून ठरवले होते. इवलासा मासा, पण तोही लहानपणचे सोबती विसरत नाही!

हा झेब्रा मासा मुळात आपल्याच देशातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गंगेच्या खोऱ्यातील माशांचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. भारत, नेपाळ आणि बांगलादेश येथील संथ ओढे, डबकी आणि भातखाचरांच्या कडेला तो राहतो. त्याचे अंडे आणि गर्भ पारदर्शक असल्यामुळे गर्भात हृदय, डोळे कसे तयार होतात ते जिवंतपणी पाहता येते. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७०च्या दशकात त्यावर काम सुरू केले, आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानंतर हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. २०१३ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रा माशात जोड सापडते असे दिसले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यावर संशोधन झाले आहे. म्हणून माझी शिफारस अशी : पहिल्यांदाच मासे पाळणार असाल, तर एकाच जातीचे दहा-बारा झेब्रा पाळा. ते स्वस्त आहेत, चिवट आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक ठिकाणच्या हवेत त्यांना हीटरही लागत नाही.

नीऑन टेट्रा दिसायला अधिक सुंदर, यात शंका नाही. १९३६ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले आणि तेव्हापासून तो लोकांचा लाडका झाला. पण तो ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. असे पाणी त्याला मानवत नाही. कोणत्या माशाला कोणते पाणी, हे माशाचा रंग पाहण्याआधी विचारावे.

बाउलचे गणित

आता वही-पेन्सिल घ्या. २० सेंटिमीटर व्यासाचा गोल बाउल आहे आणि त्याच्या तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर आहे असे धरू. बाउल तोंडापर्यंत भरला, तर पाण्यात सुमारे चार लिटर पाणी मावेल. पण हवेशी संबंध येणारा पाण्याचा पृष्ठभाग किती? त्रिज्या ६ सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. याच पृष्ठभागातून प्राणवायू पाण्यात शिरतो. गंमत अशी, की हाच बाउल अर्धा भरला तर पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट! पण मग पाणी निम्मेच उरते.

याउलट ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशी साधी काचपेटी घ्या. तिचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भरलेल्या बाउलच्या सोळापट. वरचा काठ आणि तळाची वाळू सोडली, तरी तिच्यात चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी राहते. तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या बारा झेब्रा माशांना ती पुरते आणि मुख्य म्हणजे त्यांना सरळ रेषेत पोहायला लांबी मिळते. पेटी उंच असण्यापेक्षा लांब असावी, ते याचसाठी. मात्र भरलेल्या पेटीचे वजन साठ किलोग्रॅमच्या वर जाते, तेव्हा डुगडुगणाऱ्या स्टुलावर ती ठेवू नका.

तपमानाचाही हिशेब करा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला सुमारे साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशाला गरज अधिक आणि प्राणवायू कमी. त्यात वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर मोठ्या पृष्ठभागाची पेटी तग धरते. बाउलमधले मासे मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. इटलीतील रोम शहराने २००५ साली गोल बाउलमध्ये मासे ठेवण्यावर बंदीच घातली. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची?

न दिसणारे सफाई कामगार

मासे बाउलमध्ये मरतात ते बहुधा प्राणवायूच्या अभावानेच असे नाही. ते आपल्याच मलमूत्रात मरतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. हे विष आहे. नदीत ते वाहून जाते. बाउलमध्ये कोठे जाणार?

निसर्गाने यावर तोड काढली आहे. वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात काही जीवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच कमी घातक असते आणि पाणवनस्पती ते खत म्हणून वापरतात. पण जीवाणूंची ही वस्ती एका दिवसात उभी राहत नाही. तिला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आज आणली आणि मासे संध्याकाळी सोडले, असे करू नये. पेटी, वाळू, फिल्टर आणि वनस्पती आधी मांडा. माशांचे थोडे खाद्य रोज टाकत राहा, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू मिळाली, तर काम लवकर होते. दुकानात पाणी तपासण्याचे संच मिळतात; अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाल्यावरच सहा मासे आणा, आणि दोन आठवड्यांनी आणखी सहा.

पुष्कळ घरांत दर रविवारी पेटी रिकामी करून, वाळू घासूनपुसून, फिल्टर नळाखाली धुतात. स्वच्छतेच्या हौसेने आपण येथे त्या सफाई कामगारांनाच हाकलून देतो! त्यापेक्षा आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घाला. जुन्या छायाचित्रकारांचे 'हायपो' ते हेच. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. उपाशी राहून मेलेल्या पाळीव माशांपेक्षा अति खाण्याने नासलेल्या पाण्यात मेलेले मासे मी कितीतरी अधिक पाहिले आहेत.

तुमचे आक्षेप

तुम्ही म्हणाल, "एवढी मोठी पेटी आम्हाला परवडत नाही." हा आक्षेप रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे, की मग घरोघरी एकेक बाउल ठेवण्याऐवजी वर्गात मिळून एक पेटी ठेवा. वीस बाउलमधले चाळीस मासे तळमळण्यापेक्षा एका पेटीतले बारा मासे नीट जगलेले बरे.

दुसरा आक्षेप : "माशाला काय कळते?" माशाला आपल्यासारखे दुःख होते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. इजा ओळखणारे चेतातंतू माशांमध्ये असतात, हे २००३ साली ट्राउट माशांवरील प्रयोगांनी दाखवले. पण वाद मिटेपर्यंत थांबण्याची गरज नाही. एकट्या माशाचे वागणे बदलते, तो लपतो, बिचकतो, हे तर आपल्या डोळ्यांना दिसतेच ना?

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. "माशांची एवढी काळजी आहे, तर त्यांना पेटीत कोंडायचेच कशाला?" खरे सांगतो, यावर माझ्याकडे पूर्ण समाधान करणारे उत्तर नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. माझ्यासारख्या कितीतरी मुलांनी जिवंत रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तेथेच. ते पाहिले नसते, तर नदीतल्या माशांकडे आम्ही कधी वळून पाहिले असते की नाही, कोण जाणे. पाहिल्याने आस्था वाढते, असे मला वाटते. पण ही आस्था दाखवायची, तर कोंडलेल्या प्राण्याला निदान त्याच्या रीतीने जगता आले पाहिजे. एवढेही जमत नसेल, तर न पाळणे हाच खरा प्राणिमित्राचा मार्ग.

विकत घेण्यापूर्वी, आणि नको झाल्यावर

मासा आला कोठून, हेही विचारत जा. 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांत राहतो आणि जगात इतरत्र कोठेही निसर्गतः आढळत नाही. २०१३ साली त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव मिळाले. आपल्या सह्याद्रीचे नाव मिरवणारा हा मासा आज संकटग्रस्त मानला जातो आणि हौशी लोकांसाठी झालेली बेसुमार पकड हे त्याचे एक मोठे कारण आहे. तेव्हा पेटीत पैदा केलेलेच मासे घ्या. ओढ्यातले पकडून आणू नका. काचेसारख्या पारदर्शक माशांच्या अंगात सुईने रंग भरून ते 'रंगीत काचमासे' म्हणून विकतात. असे मासे कधीही घेऊ नका. मागणी थांबली की हा उद्योगही थांबेल.

आणि मासे नकोसे झाले तर? "देवाच्या नावाने नदीत सोडून देऊ" असे पुष्कळांना वाटते. यात पुण्य नाही. परदेशी मासे आपल्या पाण्यात रुजले, तर देशी माशांचे अन्न आणि जागा बळकावतात. काचेला चिकटून शेवाळ खाणारा, खडबडीत पाठीचा दक्षिण अमेरिकन सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो. पुढे तो हातभर वाढतो आणि पेटीत मावेनासा झाला की लोक त्याला सोडून देतात. आज तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आहे, आणि भीमेवरील उजनी जलाशयातही पोचला आहे. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांची त्याच्या काट्यांनी नासधूस होते. एका घरातली पेटी रिकामी करण्याचा भुर्दंड दुसऱ्या घरच्या चुलीला बसतो. मासे ठेवणे जमत नसेल, तर ते दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पाण्यात सोडू नका.

शाळेसाठी एक सूचना

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी तुमच्याशी बोलतो. प्रयोगशाळेतला बाउल आता काढून टाकू या. शक्य असेल तर त्या जागी एक लांब पेटी ठेवू या; एका जातीचे बारा मासे, जिवंत पाणवनस्पती, आणि सुट्टीत कोण केव्हा येणार याचे भिंतीवर लावलेले वेळापत्रक. दिवाळी आणि मे महिन्याचे वेळापत्रक आधी ठरले नसेल, तर पेटी मांडूच नये. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि मुलांना नुसते बघायला सांगू नका, मोजायला सांगा. शेजारच्या दोन माशांमध्ये किती अंतर असते? ते अंतर खाण्याच्या वेळी वाढते की कमी होते? पेटीजवळून कोणी झपकन गेले, तर थवा किती सेकंदांत आवळला जातो आणि किती वेळाने सैल होतो? पुष्कळांना वाटते, की मासे सतत एकमेकांना चिकटून पोहत असतील तर ते सुखी असतात. तसे नाही. घट्ट थवा हे बहुधा भीतीचे लक्षण असते. मासे पेटीभर पसरून, मधूनमधून एकत्र येत, निवांत फिरत असतील तर समजा की त्यांचे ठीक चालले आहे.

त्या आठवीतल्या मुलीची गोष्ट अर्धीच राहिली. मी हसलो तरी ती गप्प बसली नाही. शाळेच्या अडगळीच्या खोलीत एक जुनी काचपेटी पडून होती. ती तिने मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. गळती बुजवून, वाळू धुऊन, पाणी तयार होईपर्यंत दीड महिना वाट पाहून, वर्गणीतून नऊ झेब्रा आणले गेले. आमचा एकटा मासा तोवर जिवंत होता. त्याला त्यांच्यात सोडले, तेव्हा मीही बाजूला उभा होतो. पहिली काही मिनिटे तो कोपऱ्यात राहिला. मग तो निघाला आणि थोड्याच वेळात त्या दहांतला आपला कोणता, ते आम्हाला ओळखता येईना.

तिने वहीत शेवटची नोंद केली आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी तिच्यावर सही केली, आणि तिच्या जुन्या प्रश्नापुढे, जिथे मी काहीच लिहिले नव्हते, तिथे 'होय' असे लिहिले.

तुमच्या घरी किंवा शाळेत मासे असतील, तर आजच त्यांच्यासमोर दहा मिनिटे बसा. मासा किती वेळ लपला आणि किती वेळ मोकळा पोहला, ते घड्याळ लावून लिहा. तुमची नोंद माझ्या म्हणण्याविरुद्ध गेली, तरी ती आमच्याकडे जरूर पाठवा.